न जेवणारे भुलगे

आमच्या खाडीत एक्केचाळीस भुलगे होते आणि त्यांतले तीनच जेवत होते. उरलेले अडतीस उपाशीपोटी दिवसभर पोहत होते, बडबडत होते आणि तरीही मरत नव्हते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, माझी बेरीज चुकली. माझी बेरीज चुकते हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

मी उर्वी कुबल, इयत्ता सातवी. आमचं गाव कातळवेळ. आधी भुलगा म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरून येणारे पाहुणे त्याला मासा म्हणतात आणि माझ्या आत्याचा पारा चढतो. भुलगा मासा नाही. तो सस्तन प्राणी (पिल्लांना दूध पाजणारा प्राणी) आहे, डॉल्फिनच्या भाऊबंदांपैकी. लांबीला माणसाएवढा, रंगानं करडा आणि पाठीवर पर नसलेला. त्याला आपल्यासारखी फुप्फुसं असतात, त्यामुळे श्वास घ्यायला त्याला सारखं पाण्यावर यावं लागतं. पण येतो तोही गुपचूप. उडी नाही, काही नाही. डॉल्फिन बघायला आलेली माणसं त्याच्या शेजारून होडी नेतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही.

असल्या लाजऱ्या प्राण्याला डोळ्यांनी मोजता येत नाही. म्हणून ऋतुजा आत्या त्याला कानांनी मोजते. ती बाबांची धाकटी बहीण आणि सागरी जीवशास्त्रज्ञ (समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारी). पुष्कळ शिकून, पुष्कळ फिरून ती परत गावात आली. शास्त्र समजावताना ती पुस्तकातली मराठी बोलते आणि भांडताना मालवणी, त्यामुळे तिचा मूड ओळखायला सोपं जातं.

आत्यानं खाडीच्या तळाशी सहा यंत्रं ठेवली आहेत. आम्ही त्यांना ‘कान’ म्हणतो. भुलगा पोहताना सतत ठोके (आवाजाचे अगदी छोटे फटके) सोडत असतो. ठोका समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्यावरून भुलग्याला कळतं, पुढे खडक आहे, मासा आहे की मोकळं पाणी. याला प्रतिध्वनिवेध (परत आलेल्या आवाजावरून वस्तू ओळखणं) म्हणतात. हे ठोके आपल्याला ऐकू येत नाहीत. आपल्या कानांना सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज कळतो आणि भुलग्याचा ठोका सव्वा लाखाच्या घरात असतो. यंत्र तो पकडतं आणि त्याच्या जागी आपल्याला ऐकू येईल अशी टिचकी वाजवतं. तासाला किती ठोके पडले, त्यावरून संगणक सांगतो खाडीत किती भुलगे आहेत.

सात वर्षांपूर्वी आकडा होता चौदा. तेव्हा गावानं बंदरावर बसून ठरवलं की खाडीच्या तोंडाशी कोणी जाळं टाकायचं नाही. मासळी सगळ्यांत जास्त तिथेच मिळते, म्हणून ही गोष्ट सोपी नव्हती. भुलगेही मासळीसाठी तिथेच येतात. जाळ्याचा नायलॉनचा धागा इतका बारीक असतो की त्यावरून ठोका धड परत येतच नाही. माशाच्या मागे लागलेला भुलगा जाळ्यात शिरतो, अडकतो, त्याला वर येता येत नाही आणि काही मिनिटांत तो बुडून मरतो. समुद्रात जन्मलेला प्राणी बुडून मरतो हे मला लहानपणी खरंच वाटायचं नाही.

तर सात वर्षं तीस होड्या सड्याच्या (समुद्राकाठच्या कातळपठाराच्या) टोकाला वळसा घालून बाहेर जात होत्या. जाता-येता तीन तास जास्त. बाबांची होडीही त्यांत होती. आणि ठराव असा होता की आकडा चाळीसच्या वर गेला की येणाऱ्या नारळी पौर्णिमेपासून खाडीचं तोंड मोकळं. यंदा आकडा एक्केचाळीस झाला होता. पौर्णिमा तीन दिवसांवर होती आणि गावात लग्नघरासारखी लगबग चालली होती.

नेमकी तेव्हाच मी शाळेच्या प्रकल्पासाठी कानांच्या नोंदी ऐकत बसले होते. प्रकल्पाचं नाव ‘माझ्या खाडीचा आवाज’. मला त्यातला एकच आवाज हवा होता, तो म्हणजे ‘झर्र’. हा भुलग्याचा जेवणाचा आवाज. मी सहा वर्षांची असताना आत्यानं तो समजावला होता. आंधळी कोशिंबीर खेळताना आपण डोळे बांधून विचारतो, “कुठे आहेस?” गडी लांब असला तर मधूनमधून विचारतो. जवळ आला, हातात सापडणार असं वाटलं, की घाईघाईनं विचारत सुटतो. भुलगाही तेच करतो. मासा लांब असला की टक, टक, टक. मासा तोंडापाशी आला की ठोके इतके दाटतात की दप्तराची चेन ओढल्यासारखं होतं, झर्र. आणि मग गप्प. म्हणजे गिळला.

सात वर्षांपूर्वीच्या नोंदींत झर्र भरपूर होती. आत्याच्या जुन्या वहीप्रमाणे एक भुलगा दिवसाला साधारण चारशे वेळा झर्र करायचा. एक्केचाळीस भुलग्यांच्या सोळा हजारांवर व्हायला हव्यात. मी यंदाच्या पूर्ण दिवसाच्या नोंदी संगणकाला चाळायला लावल्या आणि निघाल्या बाराशे. टकटक मात्र भरमसाट, चोवीस तास, न थांबता.

मी आत्याकडे गेले. ती बंदरावरच्या तिच्या खोलीत गावासाठी अहवाल लिहीत होती.

“आत्या, आपले भुलगे जेवत का नाहीत?”

“जेवतात की.”

“तीनच जेवतात. बाराशे भागिले चारशे.”

तिनं माझ्या हातातून वही घेतली. आधी ती म्हणाली, “पाणी गढूळ असेल.” मग म्हणाली, “मासळी कमी असेल.” मग वहीची पानं मागेपुढे करू लागली. मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं मला जमत नाही.

“दुसरं एक विचारू? सात वर्षांत आपण एकही पिल्लू बघितलं नाही. चौदाचे एक्केचाळीस झाले, तर पिल्लं कुठे गेली?”

आत्यानं खडू उचलला आणि फळ्यावर गणित मांडलं. मला वाटतं, ती ते मला समजावत नव्हती, स्वतःलाच समजावत होती.

“भुलग्याची मादी पाच-सहा वर्षांची झाल्याशिवाय वीत नाही. अकरा महिने पिल्लू पोटात. एका वेळी एकच. पुढचं दोन वर्षांनी. काही पिल्लं जगत नाहीत. सगळं सुरळीत झालं, एकही जाळ्यात मेला नाही, तरी शंभराला वर्षाकाठी चार वाढतात.” तिनं चौदाला सात वेळा वाढवलं. “अठरा. फार तर एकोणीस.”

“मग एक्केचाळीस कसे?”

“बाहेरून आले असतील, असं मी दर वर्षी अहवालात लिहिलं आहे.” तिनं खडू खाली ठेवला. “लिहिताना मला हे गणित माहीत होतं, उर्वी. पण आकडा वाढलेला मला हवा होता. हवी ती गोष्ट समोर आली की माणूस तिची नीट उलटतपासणी करत नाही. माझंही तेच झालं.”

मग ती म्हणाली, “अडतीस जण आवाज करतात आणि जेवत नाहीत. असं कोण असतं?”

उत्तर आम्हा दोघींना एकदमच सुचलं. राखणदार.

आमच्याकडे गावाच्या सीमेवर राखणदार असतो, दिसत नाही पण गाव सांभाळतो, अशी श्रद्धा आहे. आत्यानं सात वर्षांपूर्वी पोहणारे बारा यंत्रजीव (स्वतः चालणारी, स्वतः शिकणारी यंत्रं) बनवले आणि गावानं त्यांचं नाव ठेवलं राखणदार. भुलग्यासारखे ठोके सोडत ते खाडीच्या आतबाहेर फिरायचे. खरे भुलगे सोबतीसाठी त्यांच्या मागे यायचे आणि बाहेरच्या जाळ्यांपासून लांब राहायचे. मोजताना घोटाळा नको म्हणून आत्यानं राखणदारांच्या आवाजात एक खूण ठेवली होती. दर अकरा ठोक्यांनंतर एक ठोका गाळायचा. संगणक ही खूण दिसली की तो आवाज मोजत नसे.

“पण मी त्यांना आणखी एक सांगून ठेवलं होतं,” आत्या म्हणाली. “खऱ्या भुलग्यांचं ऐका आणि रोज थोडं थोडं त्यांच्यासारखं बोलायला शिका.”

राखणदार शिकले. खरा भुलगा अकराव्या ठोक्यानंतर थांबत नाही, हेही शिकले. आणि एकेकानं खूण टाकून दिली. आधी एकानं, मग दुसऱ्यानं, म्हणून आकडा एकदम उडी न मारता वर्षावर्षानं वाढत गेला. राखणदाराला झोप नाही, थकवा नाही. एकेक जण तिघांहून थोडा जास्तच आवाज करत होता. आम्ही सात वर्षं आमचीच यंत्रं मोजत होतो आणि दर वर्षी पेढे वाटत होतो. खरे चौदा तोवर बाहेरच्या जाळ्यांत किंवा आणखी कशानं घटत तीनवर आले असावेत, आणि फुगलेल्या आकड्यात ते कोणाला दिसलं नाही. राखणदारांना एकच गोष्ट शिकता आली नव्हती, ती म्हणजे जेवणं. त्यांना पोटच नव्हतं.

“गावाला सांगायचं?” मी विचारलं.

“आधी खात्री करू,” आत्या म्हणाली. “बाराही राखणदार एक दिवस पाण्याबाहेर काढू. फक्त कान ठेवू. मग जो आवाज उरेल तो खरा.”

“आणि तोवर?”

“तोवर कोणाला बोलू नकोस. माझी चूक आहे, तर मलाच पुराव्यासकट सांगू दे.”

मला ते पटलं. मीच पटकन हो म्हटलं. आता वाटतं, म्हणायला नको होतं.

राखणदार असे हवे तेव्हा गोळा करता येत नाहीत. पाण्यात असताना ते हाकेला ओ देत नाहीत, चार्ज करायला आपापल्या वेळेला धक्क्याशी येतात. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळपर्यंत बारावा हाती लागला. आम्ही त्यांना खोलीत ओळीनं ठेवलं आणि वर ताडपत्री टाकली. खाडीत आता फक्त कान होते.

त्याच संध्याकाळी बाबांनी खाडीच्या तोंडाशी जाळं टाकलं.

पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय तिथे जाळं टाकायचं नसतं, हे बाबांना माहीत होतं. पण सात वर्षांनी तोंड मोकळं होणार, म्हणजे नारळ पडताक्षणी तीसच्या तीस होड्या चांगल्या जागेसाठी धावणार. जागा धरून ठेवावी, एवढाच त्यांचा विचार. एस.टी.त रुमाल टाकतात ना, तसा. आणि भुलग्यांची त्यांना काळजी नव्हती. भुलगे एक्केचाळीस होते आणि राखणदार राखण करत होते, असं ते समजून होते.

सकाळी मी आत्याच्या खोलीत होते. रात्रभराच्या नोंदी संगणकानं चाळल्या होत्या. पडद्यावर आकडा होता तीन. आम्ही त्याच्याकडे बघत होतो, इतक्यात बाहेरून बाबांनी हाक मारली. त्यांच्या हाकेत जीव नव्हता.

धक्क्याच्या पायरीवर त्यांनी भुलगा ठेवला होता. मादी होती. तिच्या करड्या कातडीवर जाळ्याच्या चौकटी उमटल्या होत्या. भुलग्याच्या तोंडाची ठेवण अशी असते की मेल्यावरही तो हसतोय असं वाटतं. मला तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

“एकच मेला म्हणा,” बाबा म्हणाले. “चाळीस आसत अजून. पण माका बरा नाय वाटत, ऋतू. राखणदार आसताना ही जाळ्यात शिरली कशी?”

आत्या खाली बसली. तिनं मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला, जिथे दोन बारीक फटी असतात, तिथे बोटांनी हलकेच दाबलं. पांढरं दूध आलं. पायरीवरून ते खाली पाण्यात ओघळलं. आत्यानं हात मागे घेतला.

“हिका पिल्लू आसा, दादा,” ती म्हणाली. “आणि राखणदार पाण्यात नाय होते. काल मीच ते भायर काढलंय.” मग तिनं सगळं सांगितलं. एक्केचाळीसचं, बाराशेचं, तीनचं.

बाबांनी एक गोणपाट भिजवून मादीच्या अंगावर घातलं.

“माका सांगलंस नाय कित्याक?” त्यांनी विचारलं. “काल दुपारी घरी जेवलंस ना तू माझ्या शेजारी बसान?”

“लाज वाटली.”

“माका पण लाजच वाटत होती,” बाबा म्हणाले. “म्हणान मी पण जाळा कोणाक न सांगता टाकलंय.”

मी मध्येच म्हटलं, “गप्प राहायला मीपण हो म्हटलं होतं.” कोणी माझ्यावर रागावलं नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आत्या उठली. सकाळचा तीन हा आकडाही आता जुना झाला होता. दोन उरले होते आणि त्यांतलं एक दूध पिणारं पिल्लू. “सहा महिन्यांच्या आतलं असेल तर आईवाचून जगणार नाही,” ती मला म्हणाली. “त्याहून मोठं असेल तर मासे धरायला शिकत असेल. एवढीच आशा आहे.”

दुपारी सगळं गाव बंदरावर जमलं. नव्या साड्या, होड्यांवर पताका, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. आणि पायरीवर ओल्या गोणपाटाखाली ती मादी. आलेला प्रत्येकजण आधी तिथे थबकायचा.

समुद्राला गाऱ्हाणं (देवापुढे गावाच्या वतीनं केलेली विनवणी) घालायचा मान मंगेशकाकांचा. ते बंदरावरचे सगळ्यांत जुने तांडेल (होडीचे प्रमुख), पन्नास वर्षं समुद्रावर काढलेले. त्यांनी नारळ हातात घेतला होता, पण आत्या म्हणाली की आधी तिला बोलायचं आहे.

तिनं काही लपवलं नाही. माझी चूक, माझी यंत्रं, माझे अहवाल, असं सरळ सांगितलं. बाबांनी उभं राहून जाळं त्यांचं होतं हे सांगितलं. गर्दीतून कुजबुज झाली, मग आवाज चढले. सात वर्षं वळसा घालून माणसं दमली होती, आणि आता सांगताहेत की सगळं फुकट गेलं.

मंगेशकाकांनी हात वर केला. “ऋतुजा, एक सांग माका. सात वर्सां तुजो आकडो चुकीचो. मगे आजचो बरोबर कशावरून?”

हा प्रश्न मला फार कठीण वाटला. 

“माज्यार विश्वास ठेवू नकात,” आत्या म्हणाली. “तुमीच आयका.”

तिनं सहाही कान बंदरावरच्या भोंग्याला जोडले. गावाला हा आवाज नवीन नव्हता. दर सणाला ती तो ऐकवायची आणि मग टकटकटक असा नुसता गलका उडायचा, लहान मुलं त्यावर नाचायची. आज भोंग्यातून खाडीच्या तळाची बारीक तडतड तेवढी येत होती. बाकी काही नाही.

पाच मिनिटं झाली. कोणीतरी म्हणालं, भोंगा बिघडला. आत्यानं एका मुलाला धक्क्यावरून पाण्यात काठी आपटायला सांगितली. भोंग्यातून धप्प आवाज आला. भोंगा ठीक होता.

मग सगळे ऐकत राहिले. बायका खाली बसल्या. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढून हातात घेतल्या, का ते मला माहीत नाही. अर्धा तास गेला. तीस होड्या, दोनशे माणसं आणि एक मोकळी खाडी. एखादा प्राणी संपतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मी पुस्तकात तीन वेळा वाचलं होतं. मला ते त्या अर्ध्या तासात कळलं.

आणि मग टक.

इतका बारीक की सगळे एकमेकांकडे बघायला लागले. टक, टक. मग दाटत गेला, झर्र, आणि मधेच तुटला. पुन्हा टक, टक.

“पिल्लू आहे,” आत्या हळूच म्हणाली. “मासा निसटला.”

पुन्हा झर्र झाली आणि पुन्हा तुटली. तिसऱ्यांदाही तुटली. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि मला ते सोडवून घ्यावंसं वाटलं नाही. चौथ्या वेळी झर्र लांबली, चढत गेली आणि नीट शेवटाला जाऊन थांबली. मग शांतता.

“खाल्ल्यान,” म्हातारी म्हणाली.

आत्या पडद्याकडे बघत होती. “दुसऱ्या नंबरचा कान,” ती म्हणाली. “म्हणजे खाडीच्या तोंडाशी, काळ्या खडपाजवळ (पाण्यातल्या खडकाजवळ). आईक शोधताहा थंय. तिथे आता जाळं नाही ते बरं.”

मंगेशकाका एक पाऊल पुढे आले. त्यांनी नारळ छातीशी धरला. “जाळा आसा थंय,” ते म्हणाले. “माजा.”

दोनशे माणसं त्यांच्याकडे वळली. ज्यांनी नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, त्यांनीच नारळाआधी जागा धरली होती. बाबांसारखीच, त्याच संध्याकाळी, थोडं पलीकडे. बाबांनी सकाळी ते जाळं बघितलंही होतं. पण दुसऱ्याच्या पाण्यातल्या जाळ्याला हात लावायचा नाही, की त्याची चहाडी करायची नाही, हा आमच्याकडे कायद्याहून मोठा कायदा. म्हणून ते तसंच होतं.

गर्दीतून एक जण म्हणाला, “दोन जनावरांसाठी पुन्हा वळसो घालूचो? दोनानी काय होतला?”

“कदाचित काहीच नाही,” आत्या म्हणाली. ती आता पुस्तकी मराठीत बोलत होती, कारण तिला शब्दन्‌शब्द नेमका हवा होता. “खोटा धीर मी सात वर्षं दिला, आता देणार नाही. इथून दक्षिणेला दोन खाड्या सोडून अकरा भुलगे आहेत, ते तिथल्या लोकांनी डोळ्यांनी बघितलेत, पिल्लांसकट. मधलं पाणी जाळ्यांवाचून मोकळं राहिलं तर त्यांतला एखादा इकडे येऊ शकतो. हे पिल्लू जगलं तर पाच-सहा वर्षांनी मोठं होईल. एवढंच मी सांगू शकते. आणि यापुढे मोजणी माझ्याकडे नको. यंत्र मी बनवलं, तर मोजायचं दुसऱ्यानं. ज्या पोरीनं चूक पकडली तिच्याकडे द्या.”

मला वाटलं लोक हसतील. कोणी हसलं नाही.

मंगेशकाका पाण्याच्या कडेला गेले. दर वर्षी ते मागतात, जाळी भरून दे, होड्या सांभाळ. आज त्यांना शब्द जुळवावे लागत होते.

“बा दर्यादेवा म्हाराजा,” ते म्हणाले, “आज तुज्याकडे मासळी मागूक नाय. तुज्या पोराची आवस आमी मारली. ता पोर आमच्या जाळ्यात घालू नको. पोर मोठा होईसर (होईपर्यंत) ह्या तोंडार आमचा जाळा पडूचा नाय.”

यावर सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हणायचं असतं. बाबा म्हणाले. म्हातारी म्हणाली. मी म्हटलं. बरेच जण म्हणाले, पण सगळे नाही. काही होडीवाले तोंड फिरवून उभे राहिले. मी त्यांची नावं सांगणार नाही, त्यांनीही तीन-तीन तास सात वर्षं घातले होते.

नारळ पाण्यात गेला आणि आम्ही निघालो. मंगेशकाकांच्या होडीत ते, बाबा आणि मी. इंजिन लावलं नाही, पिल्लू बिचकून जाळ्यात शिरू नये म्हणून वल्ही मारत गेलो. आत्या धक्क्यावर कानांपाशी बसली होती आणि बाबांचा फोन माझ्या कानाला होता.

“ऐकू येतंय?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “दहा मिनिटं झाली. काहीच नाही.”

जाळ्याचा पहिला बोया काळ्या खडपापाशी होता. मंगेशकाकांनी दोर धरला आणि ओढायला लागले. बाबा मागे. मी ओलं जाळं होडीत घडी करून घेत होते. मी शंभर वेळा हे काम केलं आहे. एरवी आपण जड ओढीची वाट बघतो. जाळं जड लागलं की बाबा हसतात.

मध्यावर जाळं जड लागलं.

बाबांनी ओढणं थांबवलं. मंगेशकाकांनी डोळे मिटले आणि तसेच ओढत राहिले. वर आला तो शेवाळ लागलेला लाकडाचा ओंडका. बाबांनी तो सोडवला, दोनदा उलटसुलट करून बघितला आणि बाजूला टाकला. मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

“आत्या?”

“अजून नाही.”

राहिलेलं अर्धं जाळं आम्ही हातभर हातभर वर घेतलं. प्रत्येक हाताला मी पाण्यात वाकून बघत होते आणि प्रत्येक हाताला नुसतं हिरवं पाणी होतं. शेवटी दुसरा बोया आला, त्याच्यामागून दगड आला आणि जाळं संपलं. त्यात काही नव्हतं. एक बोटाएवढा पेडवा मासासुद्धा नाही.

मंगेशकाका होडीत मटकन बसले. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला तो माणूस रिकाम्या जाळ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

“बरा झाला,” ते म्हणाले. “बरा झाला, काय एक गावला नाय.”